सुचना आणि मेंटेनन्स

आमच्या सोसायटीची लिफ्ट महिन्यातून एकदा तरी बंद पडते आणि पडली रे पडली की सेक्रेटरी काका नोटीस लावतात, वर मराठीत एक ओळ आणि खाली इंग्रजीत दोन, कारण भाडेकरू बरेचसे आयटीवाले आणि त्यातले निम्मे बाहेरच्या राज्यातले. परवाच्या नोटिशीत मेंटेनन्सचं स्पेलिंग चुकलं होतं. मला चौथा मजला चढायचा होता, हातात दुधाच्या दोन पिशव्या, तरी मी थांबलो, पिशव्या खाली ठेवल्या, खिशातलं पेन काढलं आणि ए-आय खोडून तिथे ई केला. लाल पेन नव्हतं एवढंच काकांचं नशीब.

घरी येऊन आईला हे जरा रंगवूनच सांगितलं. आई मराठीची रिटायर्ड शिक्षिका. भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "आणि वर 'सुचना' लिहिलंय त्याचं काय? सू ला दुसरा उकार असतो ना रे. सकाळी फिरायला जाताना मीही वाचली ती नोटीस."

मला दिसलाच नव्हता. म्हणजे दिसला आणि सोडून दिला असंही नाही, खरंच नजरेत आला नव्हता, आणि तो तर इंग्रजीच्या वर, मोठ्या अक्षरात, ठळक केलेला.

बरं काकांची इंग्रजीतली चूक तरी केवढी? मेंटेनमधे टी नंतर ए-आय येतं, मग मेंटेनन्समधेही येईल असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटणार, पण तिथे पोचेपर्यंत ए-आय गायब होतं आणि त्याच्या जागी ई येऊन बसतो. प्रोनाउन्सचं प्रोनन्सिएशन होताना असाच एक ओ गळून पडतो. चूक करणाऱ्याने डोकं वापरलेलं असतं, बरोबर लिहिणाऱ्याने नुसतं पाठ केलेलं असतं. डेट म्हणजे कर्ज, त्यात बी कशासाठी? शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता, पुढे तिकडच्या पंडितांना मूळचा लॅटिन शब्द आठवला आणि त्यांनी बी घुसवला, उच्चार मात्र कुणीच बदलला नाही. आयलंडमधल्या एसची तर त्याहून मजा, तो शब्द मुळात लॅटिनचा नाहीच, चांगला जुना इंग्रजी शब्द, पण लॅटिनशी नातं असणार असं समजून त्याला एस चिकटवला. म्हणजे ती चूकच आहे हो, पण चारशे-पाचशे वर्षांची म्हातारी झाली म्हणून बरोबर, आणि ती पाठ केली नाही म्हणून आम्ही छड्या खाल्ल्या.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं (पहिलीपासून झालं ते २००० साली). एकदम पाचवीत ए बी सी डी आणि लगेच वेन्सडे, त्यामुळे आम्ही वेड-नेस-डे असं ओरडून पाठ करायचो, ब्युटिफुलचं बेआउटीफुल, आणि लेफ्टनंटसाठी 'खोटं तू दहा मुंगी' (लाय-यू-टेन-अँट). चुकलं की तोच शब्द दहा वेळा लिहा. मराठीच्या वहीतही लाल गोल असायचेच, पण त्याला वर्गात कुणी हसायचं नाही. इंग्रजी चुकलं की मात्र अख्खा वर्ग हसायचा, ज्यांना स्वतःला येत नव्हतं ते जास्त. मला वाटतं ते पेन माझ्या खिशात तेव्हापासूनच आहे.

ऑफिसात तर हे रोज बघतो. अमेरिकेतला क्लायंट 'यू आर' लिहायचं तिथे 'युवर' ठोकून देतो, आम्ही म्हणतो घाईत असेल बिचारा. आमच्यातलाच एखादा नवीन मुलगा, तालुक्याच्या गावातून आलेला, कोड असा लिहितो की बघत राहावं, त्याने मेलमधे 'डिस्कस अबाउट' लिहिलं की दोन जण एकमेकांकडे बघून हसतात, इंग्लिश वीक आहे जरा. आणि हसणारे तेच जे मीटिंग प्रीपोन करतात, जो शब्द मुख्यतः आपल्याकडेच चालतो. आता तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे म्हणून आपण सुटलो.

वर आमच्या धंद्याचा पायाच अशा चुकांवर उभा आहे. तुम्ही एखाद्या लिंकवर क्लिक केलं की कुठल्या पानावरून आलात ते ब्राउझर बऱ्याचदा समोरच्या सर्व्हरला कळवतो, त्या रकान्याचं नाव रेफरर, आणि त्याच्या स्पेलिंगमधला एक आर राहून गेलाय. १९९६ च्या स्टँडर्डमधे तसंच छापलं, आणि बदलायला गेलं तर जगभरातल्या गोष्टी बंद पडतील म्हणून आजही तसंच आहे. नंतर त्याच भावकीतलं रेफरर-पॉलिसी आलं, त्याचं स्पेलिंग मात्र बरोबर. दोघं एकाच घरात सुखाने नांदतात. मी हे रोज टाईप करतो, माझा हात कधी पेनाकडे गेला नाही.

हे सगळं आईला सांगितलं तर तिने विषय परत मराठीवर आणला. म्हणाली, आमच्या मुलांची ठरलेली चूक म्हणजे 'पाणि'. शेवटचा ई दुसरा हा १९६२ च्या नियमांपासून सगळ्यांना शिकवतो, पण 'आणि' ला तो पहिलाच, मग मुलं म्हणतात आणि ला पहिली तर पाणि ला का नाही बाई? "त्यांचंही बरोबरच आहे की," ती म्हणाली, आणि तरी मार्क कापायचीस ना, असं मी विचारल्यावर, "अर्धा. फक्त अर्धा."

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी काका, हातात टाकी धुण्याची नोटीस. "जरा नजर टाक रे. या वेळी इंग्रजीची भानगडच ठेवली नाही, सगळं मराठीत. कुणीतरी पेन घेऊन फिरतंय बिल्डिंगमधे."

वाचलं. 'सुचना' होतं. 'पाणि' होतं, तीनदा.

"एकदम परफेक्ट आहे काका," मी म्हटलं.

आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला.