डुकराचे खत: डेन्मार्कची जमीन आणि बेळगावची जमीन

चिकोडी-निपाणी भागातला ऊस उत्पादक शेणखताच्या एका ट्रॉलीसाठी आज गावोगाव चौकशी करतो, कारण दारातली जनावरे कमी झाली आणि उकिरडेही आटले. तरीही गावाच्या कडेला डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांच्या खोपटांमागे साचणारे खत त्याच्या हिशेबात येत नाही. या खताचा विचार डेन्मार्कच्या अनुभवाशेजारी ठेवून करावा, असे मला बरेच दिवस वाटत आहे.

डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे आणि तिथे कोणत्याही वेळी असणारी डुकरे त्याच्या जवळजवळ दुप्पट आहेत. मलमूत्र आणि गोठा धुतलेले पाणी मिळून तिथे पातळ खत तयार होते आणि ते शेतातच जिरवावे लागते. त्याचा अतिरेक समुद्रापर्यंत पोहोचला. १९८६ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या कॅटेगॅटच्या समुद्रात प्राणवायूअभावी शेवंडे (लॉब्स्टर) मेली, देशभर खळबळ उडाली आणि १९८७ मध्ये पाण्यात जाणारे नत्र (नायट्रोजन) निम्म्यावर आणण्याची सरकारी योजना आली. पुढे १९९१ च्या युरोपीय नियमाने जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्राची मर्यादा घातली. खत हवेत उडवून फवारण्यास तिथे बंदी आहे. ते जमिनीलगत लोंबणाऱ्या नळ्यांनी सोडतात किंवा दात्यांनी थेट मातीत घालतात.

ही शेवटची गोष्ट आपल्या काळ्या रानासाठी सर्वांत मोलाची आहे. डुकराच्या पातळ खतातले बरेचसे नत्र अमोनियाच्या रूपात असते आणि जमिनीचा सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच) जितका जास्त, तितका तो वेगाने हवेत उडून जातो. डेन्मार्कमधले काही शेतकरी हे टाळण्यासाठी खतात गंधकाम्ल मिसळून सामू उतरवतात. अथणी-रायबागच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या पुढे असतो आणि वर उन्हाळ्याचे ऊन असते, म्हणून असे खत इथे पसरून तसेच ठेवले, तर त्यातला कस पिकाला मिळण्याआधीच निघून जाईल. ते त्याच दिवशी मातीआड व्हायला हवे. खानापूरच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत ही भीती कमी आहे, परंतु तिथला पाऊस इतका मोठा आहे की मृगाच्या तोंडावर घातलेले खत ओढ्यांवाटे मलप्रभेत जाईल.

जस्ताच्या (झिंकच्या) बाबतीत तर दोन्ही देशांचे चित्र उलटे दिसते. पिलांची हगवण थांबवण्यासाठी डेन्मार्कमध्ये झिंक ऑक्साइड मोठ्या मात्रेत दिले जाई आणि खतावाटे ते जमिनीत साचत गेले. जून २०२२ पासून युरोपात हा औषधी वापर बंद झाला. आपल्या चुनखडीच्या जमिनींत मात्र पिकाला जस्त कमी पडते आणि शेतकरी झिंक सल्फेट विकत आणून टाकतो. अर्थात आपल्याकडची डुकरे हॉटेलच्या उरल्यासुरल्या अन्नावर वाढतात, तेव्हा त्यांच्या खतातून तेवढे जस्त मिळेल असे धरून चालू नये. स्फुरद (फॉस्फरस) मात्र नक्की मिळेल.

कच्चे खत घालण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. डुकराच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात, ती मातीत दीर्घकाळ टिकतात आणि बेळगावचा भाजीपाला तर रोज गोव्याच्या बाजारात जातो. उसाचे पाचट किंवा प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी गाळून उरणारा चोथा) मिसळून ढीग लावावा, तो आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापू द्यावा आणि बाहेरचा थर आत जाईल अशा बेताने पुनःपुन्हा उलथावा, आणि पूर्ण कुजलेले खत आधी उसाला किंवा मक्याला द्यावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते, हे उसाच्या पट्ट्यात कोणाला सांगायला नको.

राहिला प्रश्न किळसेचा आणि विटाळाचा, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. रानात मेंढरे बसवली की आपण धनगराला धान्य किंवा रोख रक्कम देतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. डुकरे पाळणाऱ्या कुटुंबालाही खताचा असाच ठरलेला भाव ट्रॉलीमागे मिळाला पाहिजे, आणि तो ठरवण्यासाठी त्याच्या दारी शेतकऱ्याने जायला हवे.