मरोळचा गाळा ते वीस मीटर उंच रॅक : आमची वाटचाल

उंच गोदामांतल्या स्टॅकर क्रेनचं कंट्रोल बदलून देणं, हा आमचा धंदा. दोन रॅकांमधल्या अरुंद गल्लीत रुळावर धावणारं, मास्टवर म्हणजे उभ्या खांबावर वर-खाली होणारं आणि फोर्क म्हणजे काटे बाहेर काढून पॅलेट (माल रचायचा पाट) ठेवणारं-उचलणारं हे मशीन. फोर्कलिफ्टला वळायला तीन-साडेतीन मीटरची गल्ली लागते, स्टॅकर क्रेनचं दीड मीटरमध्ये भागतं. १९६२ साली जर्मनीत ग्युटर्सलोह इथे बेर्टेल्समान या प्रकाशन कंपनीसाठी २० मीटर उंचीचं गोदाम उभं राहिलं, ते या प्रकारातलं पहिलं मानतात. आज चाळीस मीटरच्या वरही रॅक जातात. जागेचा भाव मुंबईसारखा असेल तर उंचीचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात मात्र विजेच्या साध्या पॅनेलपासून झाली. मरोळ एमआयडीसीत भाड्याचा गाळा, लोहार चाळीतून आणलेले कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) आणि केबल, पंपांची नाहीतर कारखान्यातल्या क्रेनची पॅनेलं. एका औषध कंपनीची पॅनेलं करत असताना त्यांच्या गोदामातली परदेशी स्टॅकर क्रेन बघायला बोलावलं. तिची कंट्रोल कार्डं बाजारातून गेली होती आणि मशीन बनवणाऱ्यांनी पूर्ण नव्या मशीनचं कोटेशन दिलं होतं. आम्ही मास्टचा ओळंबा तपासला, रुळांची लेव्हल घेतली, गिअरबॉक्स उघडून दात पाहिले. लोखंड अगदी ठणठणीत. मग ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र), सेन्सर आणि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) एवढंच बदललं आणि मशीन पुन्हा कामाला लागलं. तिथून आमचा रस्ता ठरला. मास्ट आणि रूळ पंचवीस वर्षं सहज टिकतात. त्यांवर चालणारा धंदा मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. कंट्रोलला त्या बदलासोबत जाता आलं पाहिजे.

या कामात आमचा जीव सगळ्यात जास्त कशात रमत असेल तर तो मास्टच्या झोक्यात. मशीन खाली थांबलं तरी वरचं टोक हेलकावत राहतं आणि ते शांत होईपर्यंत फोर्क बाहेर काढता येत नाही. जुन्या मशीनांत यासाठी सरळ तीन-चार सेकंदांचा टायमर टाकलेला असतो. आता हिशेब करा. एक पॅलेट आत ठेवून परतताना दुसरं घेऊन येणं, अशी जोडफेरी दोन मिनिटांची धरली तर तासाला ३० फेऱ्या. फेरीत तीन ठिकाणी थांबायचं आणि प्रत्येक थांब्याला तीन सेकंद वाचले, की त्याच तासात ३२ फेऱ्या बसतात. हे मोटर बदलून साधत नाही. वेग एकदम न वाढवता-घटवता गोलाईने चढवायचा-उतरवायचा, आणि ती गोलाई फोर्क किती उंचीवर आहे, त्यावर वजन किती आहे, त्याप्रमाणे बदलायची. आमचे फोरमन काका कमिशनिंगच्या, म्हणजे मशीन चालू करून देण्याच्या वेळी रॅकच्या वरच्या मजल्यावर बेल्ट लावून बसतात, मास्टच्या टोकाला चिकटवलेल्या पट्टीवर नजर ठेवून वॉकीटॉकीवर मिलिमीटर सांगतात. लॅपटॉपवरचा आलेख आणि काकांचा आकडा जुळला, की आम्ही पुढच्या वजनाकडे वळतो.

दुसरी गोष्ट पॅलेटची. आपल्याकडे १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट जास्त, पण आयात मालाबरोबर १२०० बाय ८०० चं युरो पॅलेटही येतं, आणि लाकडी पॅलेटची फळी निघालेली, खिळा वर आलेला, हे रोजचंच. जुन्या प्रोग्रॅममध्ये पॅलेटची मापं आणि फोर्कचा स्ट्रोक, म्हणजे तो किती बाहेर जाणार, हे थेट कोडमध्ये लिहिलेले असत. मापं बदलली की इंजिनीअर बोलवा. आम्ही हे सगळं तक्त्यांत काढलं. प्रत्येक खणाची जागा वेगळी शिकवलेली, कारण वीस मीटरच्या रॅकमध्ये सगळे खण कागदावरच्या मापात कधीच नसतात. नवं पॅलेट आलं की स्टोअरचा सुपरवायझर स्क्रीनवर मापं भरतो आणि काम चालू. प्रवास, उचल आणि फोर्क यांचे प्रोग्रॅम सुटे ठेवलेत, १९९३ साली आलेल्या आयईसी ६११३१-३ या पीएलसी प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लिहिलेले, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणालाही ते वाचता येतील. सुरक्षेला मात्र तक्त्यातून हात लावता येत नाही. दोर सैल पडला, वेग मर्यादेबाहेर गेला किंवा फोर्क मध्यावर नसेल, तर मशीन हलणार नाही. यात तडजोड मागणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमच्याकडे येणारी चौकशीच बदलली. आधी आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय कर टाळायला कंपन्या राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवत. ती गरज संपली आणि भिवंडीच्या बाजूला मोठी गोदामं उठू लागली. पण सगळ्यांनीच स्टॅकर क्रेन घ्यावी असं आम्ही सांगत नाही. छप्पर दहा मीटरचं, माल हंगामी आणि जागा तीन वर्षांच्या भाड्याने असेल तर रीच ट्रक (अरुंद गल्लीत चालणारी, काटे पुढे सरकवणारी फोर्कलिफ्ट) बरा, हे आम्ही कोटेशनआधीच सांगतो.

गोदाम बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून आधी गाळ्यात संगणकावर पूर्ण गल्ली उभी करतो आणि चुका तिथेच काढतो. मग शनिवारी रात्री गल्ली ताब्यात घ्यायची, सोमवारच्या पहिल्या पाळीला परत द्यायची, एका वेळी एकच. आयटीआय आणि पॉलिटेक्निकची मुलं आमच्याकडे याच पद्धतीने तयार होतात. आधी वायरिंग, मग ड्राइव्ह, शेवटी प्रोग्रॅम.

सध्या तळोज्याचं एक शीतगृह हातात आहे. उणे २५ अंशांत ग्रीस वेगळं, केबल वेगळी, पॅनेलला हीटर. खरी डोकेदुखी दारापाशी आहे: मशीन थंडीतून पावसाळी हवेत आलं, की लेसरच्या काचेवर लगेच दव धरतं. म्हणून त्या गल्लीत अंतर मोजायला लेसरऐवजी रुळालगतची बारकोड पट्टी लावतोय, आणि तिचा रीडर गरम ठेवायची सोय गाळ्यातल्या डीप फ्रीझरमध्ये तपासणं चालू आहे.