दोन बोटांवरची वायर

रिकनेक्शन मेमोवर, म्हणजे कामासाठी तोडलेला सिग्नल पुन्हा जोडून वापरायला दिल्याच्या कागदावर, माझी सही तेवढी बाकी होती. स्टेशन मास्तरांचा तिसरा फोन आला. "साहेब, पॅसेंजर बाहेर उभी आहे, कंट्रोल ऑफिस माझा जीव खातंय."

2023 चा जुलै होता. आमच्या सेक्शनमधल्या एका लहान स्टेशनावर लेव्हल क्रॉसिंगच्या, म्हणजे रेल्वे फाटकाच्या, सर्किटचं काम काढलं होतं. पहाटे सहाला घर सोडलेलं, आता संध्याकाळचे सव्वासात वाजले होते. पाऊस थांबत नव्हता. नवीन जोडण्या झाल्या होत्या आणि स्टेशनातल्या सिग्नलच्या पॅनेलवर सगळं बरोबर दिसत होतं. हेल्पर बॅटरी धरून माझ्या खांद्यावरून लोकेशन बॉक्समध्ये, म्हणजे रुळांजवळच्या वायरींच्या पेटीत, वाकला होता. तो म्हणाला, "साहेब, ही कुठली?"

टर्मिनलांच्या मागच्या बाजूला एक जुनी वायर होती. खालचं टोक पक्कं बसवलेलं, वरचं मोकळं. टोकाला टेप नाही, तांबं उघडं पडून काळवंडलेलं. शेजारच्या टर्मिनलपासून दोन बोटांवर लोंबत होती. आराखड्यात ती कुठेच नव्हती. मीटर लावला तर 24 व्होल्ट.

सिग्नलच्या कामाचा पायाच असा आहे की वायर तुटली, फ्यूज उडाला, तर सिग्नल लाल व्हावा. गाडी थांबेल, लोक चिडतील, पण जीव वाचतील. म्हणून तुटलेल्या वायरीची आम्हाला भीती नसते. करंट जायला नको तिथे पोचवणाऱ्या वायरीची असते. ही वायर शेजारी टेकली असती, तर फाटक उघडं असताना पॅनेलवर बंद दिसलं असतं आणि गाडीला सिग्नल मिळाला असता.

मला तिथेच क्लॅपहॅम आठवलं. ट्रेनिंगमध्ये ते प्रकरण शिकवलं होतं. लंडनमध्ये क्लॅपहॅम जंक्शनजवळ 12 डिसेंबर 1988 च्या सकाळी एक लोकल मागून दुसरीवर आदळली, 35 माणसं गेली. पंधरा दिवसांपूर्वी नवीन वायरिंग करताना एक जुनी वायर एका टोकाला जोडलेलीच राहिली होती आणि दुसरं टोक उघडं होतं. आदल्या दिवशी शेजारचा रिले (विजेवर चालणारा स्विच) बदलताना ती हलली आणि टेकली. पुढे गाडी असूनही सिग्नल लाल झाला नाही. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर सिग्नल विचित्र वागतोय हे कळवायलाच थांबला होता आणि त्याच गाडीवर मागची येऊन आदळली.

त्या चौकशीतली एक गोष्ट मी विसरलो नाही. ज्याच्या हातून वायर राहिली त्या टेक्निशियनने चूक कबूल केली होती. तरीही अँथनी हिडन यांच्या चौकशीने तिथेच न थांबता विचारलं, की तेरा आठवड्यांत एकच सुट्टी घेतलेल्या माणसाकडून हे काम करून का घेतलं? आणि दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे वायरी का मोजल्या नाहीत? त्यानंतर तिकडे अशा कामाला एका पाळीत बारा तासांची मर्यादा आली. त्या हिशोबाने मी लोकेशन बॉक्ससमोर चौदाव्या तासात होतो.

आपल्याकडे ओडिशातल्या बालासोरच्या अपघाताचं दुःख ताजं होतं. 2 जूनला बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाईनचा सिग्नल मिळाला, पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारा सांधा) मात्र लूपकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे लागलेला, आणि लूपवर मालगाडी उभी. तिथेही फाटकाचंच काम चाललं होतं. आधीच्या वर्षांत सर्किटमध्ये केलेले बदल आराखड्यावर आणि लेबलांवर नीट उतरलेच नव्हते. 290 हून जास्त माणसं गेली. नंतर तीन कर्मचाऱ्यांना अटक झाल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. त्यांचा दोष किती हे कोर्ट ठरवेल. पण त्यांच्या ड्यूटीचे तास किती, हाताखाली माणसं किती, आराखडा शेवटचा कधी दुरुस्त झाला, हे विचारताना मी फार थोड्यांना ऐकलं, आणि ते मला अजून खुपतं. चाचणीचा नियम आपल्याकडेही आहे, चांगला आहे. पण बाहेर गाडी उभी असते आणि फोन वाजत असतो, तेव्हा तो पाळायला मागे माणूसबळ लागतं, वेळ लागतो.

मास्तरांना सांगितलं, "सही देत नाही. अजून तासभर लागेल." ते गप्प झाले, मग म्हणाले, "ठीक आहे. मी कंट्रोलला सांगतो." त्यांचे मला फार उपकार वाटले.

फ्यूज काढले. वायर दोन्ही टोकांना सोडवून अख्खी बाहेर ओढली, हातभर निघाली. मग प्रत्येक टर्मिनल आराखड्यावर बोट ठेवून मोजलं, मी वाचायचं आणि हेल्परने दाखवायचं. शेवटी फाटक उघडं ठेवून मास्तरांना सिग्नल द्यायला लावला. नाही मिळाला. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा नाही. साडेआठला सही केली. पॅसेंजर गेली तेव्हा दारातल्या एकाने आमच्याकडे बघून शिवी हासडली. दिवसभर राबून घरी चाललेला माणूस तो, मला राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी वरून विचारणा झाली, ही वायर कुणी सोडली? वायरीवर जुनं लेबल होतं आणि अक्षर माझ्या ओळखीचं होतं. ज्यांनी मला मीटर धरायला शिकवलं, त्यांचं. ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या वर्षांत दोन माणसांचा सेक्शन ते एकटे सांभाळत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

अहवालात मी वायरीची जागा लिहिली, व्होल्टेज लिहिलं, आराखड्यात ती नाही हे लिहिलं. लेबलावरचं अक्षर कुणाचं वाटतं आणि त्या काळात त्या सेक्शनला किती माणसं होती, हे दोन्ही एकाच वाक्यात लिहिलं. माझे आणि हेल्परचे त्या दिवसाचे ड्यूटीचे तास लिहिले. आणि वायर पहिल्यांदा हेल्परला दिसली, हे त्याचं पूर्ण नाव घालून लिहिलं.