भंगारातला लाल डायोड आणि सुटलेला ॲडजस्ट पाय

पुण्याच्या जुन्या बाजारातून बंद पडलेला एक डीव्हीडी रायटर आणून दोन महिने झाले. त्यातला लाल डायोड, म्हणजे लेझर किरण सोडणारा छोटा भाग, आता टेबलावर स्थिर जळतो आहे, २०८ मिलिअँपिअरवर. मध्ये बराच वेळ गेला तो ड्रायव्हरमध्ये, म्हणजे डायोडला करंट पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, आणि त्यातही आयसीच्या (चिपच्या) एकाच पायात. म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

रायटरमध्ये दोन डायोड निघाले. एक डीव्हीडीचा, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल. दुसरा सीडीचा, ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. दिसत नसल्यामुळेच तो जास्त घातक. आपण पापणी मिटत नाही आणि किरण आत जात राहतो. तो डबीत घालून चिठ्ठी लावून ठेवला आहे, त्याचं मला काही करायचं नाही. लाल डायोड त्याच्या धातूच्या ठोकळ्यातच राहू दिला. ओढून काढताना काच फुटते, आणि तो ठोकळा उष्णता वाहून न्यायलाही कामी येतो. पाय मोकळे करण्याआधी तांब्याची एक उघडी तार तिन्ही पायांभोवती गुंडाळली, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेने डायोड मरत नाही. डाग देताना सोल्डर गनचा प्लगही काढून घेतला.

आता ड्रायव्हर. लेझर डायोडला ठरावीक व्होल्टेज देऊन भागत नाही. व्होल्टेज किंचित वाढलं की करंट कितीतरी पटीने वाढतो, शिवाय डायोड तापला की त्याच व्होल्टेजला आणखी करंट खेचतो. करंट हाताबाहेर गेला की प्रकाश बाहेर पडतो तो टोकाचा पृष्ठभागच जळतो. मग उरतो तो एक मिणमिणता लाल एलईडी. हे इतक्या पटकन होतं की मीटरचा आकडा बदलायच्या आत सगळं आटोपलेलं असतं.

सर्किट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे: एलएम३१७ हा तीन पायांचा रेग्युलेटर आयसी, करंट सोर्स म्हणून, म्हणजे ठरलेला करंट देण्यासाठी. आउट आणि ॲडजस्ट या दोन पायांमध्ये एक रेझिस्टर, आणि ॲडजस्टपासून पुढे डायोड. आयसी त्या रेझिस्टरवर १.२५ व्होल्ट राखतो, म्हणून करंट म्हणजे १.२५ भागिले रेझिस्टर. १० ओहमला १२५ मिलिअँपिअर. त्याला १५ ओहम समांतर जोडला की ६ ओहम, म्हणजे २०८. डायोडवर सुमारे तीन व्होल्ट, रेझिस्टरवर सव्वा आणि आयसीला स्वतःसाठी पावणेदोन-दोन, असे सहा-सव्वासहा व्होल्ट लागतात. लॅपटॉपच्या बॅटरीतले दोन १८६५० सेल सिरीजमध्ये लावले, भरलेले असताना ८.४ व्होल्ट. आयसीत एक वॅटच्या खालीच उष्णता निघते, तरी छोटा हीटसिंक लावलाच. नव्या मंडळींसाठी एक गोष्ट: या आयसीची पाठ आउटला जोडलेली असते, ७८०५ या दुसऱ्या रेग्युलेटरसारखी ग्राउंडला नाही. आयसी आणि डायोडचा ठोकळा एकाच ॲल्युमिनियमवर बसवणार असाल तर मध्ये वीज अडवणारा अभ्रक आणि प्लॅस्टिकचा बुश हवाच. डायोडची बॉडी ॲनोडला (धन टोकाला) जोडलेली असेल तर रेझिस्टर शॉर्ट होतो आणि मग करंटला काही मर्यादाच उरत नाही.

खरा डायोड लगेच लावला नाही. चार १एन४००७ (साधे, स्वस्त डायोड) सिरीजमध्ये आणि त्यांच्यापुढे १ ओहम, असा डमी लोड, म्हणजे लेझरच्या जागी नकली भार, केला. १ ओहमवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता भोकांत पाय खोचायच्या पाटीवर, १० ओहम लावून १२४ मिळाले, ६ ओहमला २०६. तासभर आकडा हलला नाही. खूश होऊन बॅटरी जरा बाजूला सरकवली, आणि मीटरवर ४१० आले.

पहिल्यांदा वाटलं मीटर बिघडला. सगळं पुन्हा दाबून बसवलं तर परत २०६. मग एकेक पाय हलवून पाहिला तेव्हा सापडलं. ॲडजस्टचा पाय ब्रेडबोर्डच्या भोकात सैल होता. तो सुटला की आयसीला करंटचा अंदाजच येत नाही, आउट थेट वर चढतं आणि बॅटरीत आहे तेवढं पुढे ढकलतं. रेझिस्टर सुटला तर करंट बंद पडतो, डायोडची तार सुटली तरी बंद. एकटा ॲडजस्ट सुटला तरच घात. चार रुपयांच्या डायोडांनी तो झटका खाल्ला म्हणून लाल डायोड वाचला.

त्या रात्री हेच डोक्यात होतं. उपाय सापडला तो जोडणीत. पीसीबीच्या पट्टीवर भरवसा ठेवायचा नाही. दोन्ही रेझिस्टर आयसीच्या पायांवरच डाग देऊन बसवले, आणि डायोडकडे जाणारी तार त्याच ॲडजस्ट पायाला आकडा करून गुंडाळली. आता तो डाग निसटला तर डायोडची तारही त्याच्याबरोबर निघते, आयसी एकटा मोकाट सुटूच शकत नाही. पुन्हा डमी लोडवर मुद्दाम एकेक जोड तोडून पाहिला. दरवेळी शून्य.

आउटपुटला, डायोडच्या समांतर, ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. त्यामुळे स्विच बॅटरीच्या बाजूलाच घेतला. ड्रायव्हर आणि डायोड यांच्यामध्ये स्विच ठेवला, तर तो उघडा असताना कपॅसिटर जवळजवळ बॅटरीइतका भरतो आणि चालू करताच सगळा डायोडवर रिकामा होतो. डायोड जोडण्याआधी कपॅसिटरचे पाय रेझिस्टरने शॉर्ट करून घ्यायचे, दर वेळी.

मग खरा डायोड. चष्मा आधी: ६५० नॅनोमीटर अडवणारा, निळसर-हिरव्या काचेचा. निळ्या लेझरबरोबर मिळणारा केशरी चष्मा लाल किरण सरळ आत सोडतो. डायोड व्हाइसमध्ये घट्ट, समोर मॅट काळा पुठ्ठा. चष्म्यातून ठिपका दिसत नाही म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहत होतो. ४७ ओहमला, म्हणजे २७ मिलिअँपिअरला नुसती लालसर धुगधुगी. २२ ओहमला, ५७ मिलिअँपिअरला, एकदम कडक ठिपका. म्हणजे लेझर सुरू व्हायचा उंबरठा या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

प्रकाश मोजायला फुटक्या सोलर सेलचा एक अखंड तुकडा घेतला. बागेतल्या दिव्याचं पॅनेल चालत नाही, त्यात पट्ट्या सिरीजमध्ये असतात आणि सर्वांत कमी उजेड पडलेली पट्टी सगळ्यांना अडवते. किरण पसरवून तुकड्यावर टाकला: डायोडला ५७ मिलिअँपिअर दिले तेव्हा सेलमधून ३ मिलिअँपिअर आले, १२५ ला २४, २०८ ला ४७. पहिल्या टप्प्यात दर मिलिअँपिअरमागे जेवढी वाढ झाली, तेवढी दुसऱ्यात झाली नाही. ठोकळा हाताला कोमट लागत होता. डेटाशीट नसलेल्या डायोडला याहून वर नेणार नाही.

काल २२ ओहम परत लावून किरणात आईचा एक केस ताणून धरला. तीन मीटरवर आलेख कागद चिकटवला होता, त्याचा मोबाइलने फोटो काढला. काळ्या पट्ट्यांमधलं अंतर साधारण २८ मिलिमीटर आलं. तरंगलांबी गुणिले तीन मीटर, भागिले हे अंतर, म्हणजे केसाची जाडी ७० मायक्रॉन. आईने लगेच स्वतःच्या आईच्या जुन्या गंगावनातला एक केस काढून दिला आहे. तो आज रात्री मोजतो.