पेमेंट विजेट, चौथा आठवडा: सही एकदाची जुळली

पेमेंट कंपनीचं विजेट, म्हणजे पैसे भरायची तयार खिडकी, जोडतेय. मागच्या अपडेटला विजेट दिसत होतं पण बटण दाबलं की नुसती पांढरी चौकट यायची, ते सुटलं. सीएसपी हेडरमध्ये (कुठून काय लोड करू द्यायचं याची ब्राउझरला दिलेली यादी) स्क्रिप्टसाठी त्या कंपनीचं डोमेन टाकलं होतं, फ्रेमसाठी राहिलं होतं, त्यामुळे स्क्रिप्ट लोड व्हायची आणि आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) ब्राउझर अडवायचा. असं झालं तर आधी ब्राउझरचा कन्सोल (एरर दिसतात ती खिडकी) बघा, तिथे लाल अक्षरात सरळ लिहिलेलं असतं.

आता मेन गोष्ट. पेमेंट झालं की विजेट ब्राउझरमध्ये सक्सेसचा कॉलबॅक देतं, म्हणजे 'पैसे आले' सांगायला माझं फंक्शन कॉल करतं, आणि सुरुवातीला मी त्यावरच ऑर्डर पेड करत होते. हे अजिबात करू नका. तो कोड युजरच्या मशीनवर चालतो, कोणीही कन्सोल उघडून तेच फंक्शन हाताने कॉल करेल, शिवाय पैसे कट झाले आणि त्याच क्षणी टॅब बंद झाला तर कॉलबॅक येतच नाही. ऑर्डर पेड होणार ती सर्व्हरवर वेबहुक (पेमेंट कंपनीच्या सर्व्हरने थेट पाठवलेला निरोप) आल्यावरच, आणि तेही सही (निरोप खरंच त्यांचा आहे हे दाखवणारा कोड) तपासून.

या सहीने माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या. सीक्रेट (दोघांकडेच असलेली गुप्त किल्ली) बरोबर, एचमॅक एसएचए-२५६ (त्या किल्लीने निरोपाचा हॅश, म्हणजे ठशासारखा कोड, काढायची पद्धत) बरोबर, तरी दरवेळी मिसमॅच. शेवटी आलेली बॉडी (निरोपातला मजकूर) आणि मी हॅश करत होते ती बॉडी एकाखाली एक प्रिंट केली, तर त्यांच्या जेसनमध्ये (डेटा मजकुरात लिहायची पद्धत) कोलननंतर एक स्पेस होती आणि माझ्याकडे नव्हती! फ्रेमवर्क बॉडी आधीच पार्स करत होतं (मजकूर वाचून डेटात बदलत होतं), मी ती परत स्ट्रिंग करून हॅश काढत होते, त्यात स्पेस गेली, आणि एक बाइट हलला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. तेवढ्या एका राउटवर (वेबहुक येतो त्या पत्त्यावर) पार्सर काढून रॉ बॉडी, म्हणजे जशी आली तशी, घेतली, पहिल्याच फटक्यात जुळलं. खूप बरं वाटलं खरंच.

तुमच्या सर्व्हरने २०० ('मिळालं' असं उत्तर) द्यायला उशीर केला की वेबहुकमधला तोच इव्हेंट परत येतो, म्हणून डेटाबेसमध्ये इव्हेंट आयडीवर युनिक इंडेक्स लावलाय, म्हणजे एकच आयडी दोनदा नोंदवला जात नाही. रक्कम बहुतेक ठिकाणी सगळ्यात लहान एककात (रुपयांऐवजी पैशांत) द्यायची असते, पण जपानी येनला दशांशच नाहीत, तिथे सवयीने १०० ने गुणू नका.

अजून एक राहिलंय: अँड्रॉइडवर वेबव्ह्यूमधून (अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) बँकेचं अ‍ॅप उघडायला गेलं की 'अननोन यूआरएल स्कीम' ही एरर येतेय, ती लिंक 'शुडओव्हरराइडयूआरएललोडिंग' या फंक्शनमध्ये पकडून इंटेंटने (दुसरं अ‍ॅप उघडायची अँड्रॉइडची विनंती) बाहेर पाठवायचीय. या शनिवारी तेच घेते.