बादलीभर माशांची पावती

गेल्या रविवारी तात्यांना व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मी दुकानातच होते. मागे टाक्यांचा खळखळाट चालू होता. तात्या नाशिकजवळच्या चांदोरीच्या घराच्या ओट्यावर, हातात कपबशी. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी जाळीने तीन डझन जिवंत मासे काढले, पिशवीत ऑक्सिजन भरला, तोंडाला रबर गुंडाळलं आणि पावती फाडून दिली. तात्या टक लावून बघत होते. म्हणाले, "पोरी, गळाला लावायच्या माशालाबी पावती?"

तात्यांचा प्रश्न साहजिक आहे. त्यांचं सगळं आयुष्य गोदाकाठी गळ टाकण्यात गेलं. आमिष म्हणजे बांधावरचं ओलं ढेकूळ उलथून काढलेलं गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी, आणि मरळ धरायची असेल तर बारकं बेडूक. ते कुठून आणलं, कुठे नेलं, उरलेलं कुठे टाकलं, हे त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही.

मी चार वर्षांपासून कॅनडात, ऑन्टारियो प्रांतात राहते. लेक सिमको या तलावाच्या दक्षिण किनाऱ्यावर आमचं गाव, आणि शनिवार-रविवार मी ज्या दुकानात काम करते तिथे फक्त मासेमारीचं आमिष मिळतं: जिवंत बारीक मासे, जळवा, गांडुळं. इथे हा पोटापाण्याचा रीतसर धंदा आहे. हिवाळ्यात तलाव गोठला की माणसं बर्फावर लाकडी खोपटं ओढत नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि दिवसभर गळ सोडून बसतात. त्या भोकातून खाली सोडायला हवा असतो बोटाएवढा, चांदीसारखा चमकणारा एमराल्ड शायनर. त्याचे खवले इतके नाजूक की नुसता हात लागला तरी निघतात. संध्याकाळी घरी आल्यावर मनगटावर चमचमत असतात, साबणानेही सहज जात नाहीत.

तर पावतीचं कारण. १ जानेवारी २०२२ पासून या प्रांताचे आमिषासाठी चार विभाग पाडले आहेत. एका विभागातले आमिषाचे मासे आणि जळवा, जिवंत असोत की मेलेले, दुसऱ्या विभागात न्यायचे नाहीत. आपल्या घरच्या विभागाबाहेर मासेमारीला गेलात तर आमिष तिथेच विकत घ्यायचं, पावती जवळ बाळगायची आणि दोन आठवड्यांत ते वापरून किंवा नष्ट करून टाकायचं. अधिकाऱ्याने अडवलं तर पावती दाखवावी लागते. एका माणसाजवळ १२० पेक्षा जास्त आमिषाचे मासे नकोत. प्रांताबाहेरून आमिषासाठी जिवंत मासे किंवा जळवा आणायला तर पूर्ण बंदी. क्रेफिश, म्हणजे आपल्या नदीतल्या झिंग्याचा नांगीवाला भाऊबंद, ज्या पाण्यात धरला त्याच पाण्यात वापरायचा, जमिनीवरून दुसरीकडे न्यायचा नाही. आणि उरलेली बादली पाण्यापासून ३० मीटरच्या आत ओतायची नाही.

हे शेवटचं कलम मला सगळ्यात आवडतं, कारण ते पाळताना माणसाचा कस लागतो. बर्फावर बसलेला माणूस पाण्याच्या डोक्यावरच बसलेला असतो. म्हणजे दिवसभर थंडीत काकडून, अंधार पडताना त्याला अर्धी बादली पाणी किनाऱ्याच्याही पुढे ओढून न्यायची असते. भोकात उपडी केली तर बघणारं कोणी नसतं. तरी बहुतेक लोक घेऊन येतात. हे मी रोज बघते.

एवढा कडक कायदा कशासाठी? कारण बादली म्हणजे एका तलावातून दुसऱ्या तलावात जायचा रस्ता. २००५ मध्ये लेक ऑन्टारियोच्या क्विंटे उपसागरात मासे मोठ्या संख्येने मेले. माशांच्या अंगात रक्तस्राव घडवणारा व्हीएचएस नावाचा विषाणू त्यामागे निघाला. माणसाला त्याने काही होत नाही, पण माशांच्या कितीतरी जातींना होतो. तो आमच्या सिमकोत सापडला २०११ मध्ये. आजारी मासा वरून धडधाकट दिसू शकतो, आणि तो ज्या पाण्यात पोहतो ते पाणीही विषाणू वाहून नेतं.

दुसरी गोष्ट गोबीची. काळ्या समुद्राच्या बाजूचा हा मासा, जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर आला आणि १९९० मध्ये इथल्या सेंट क्लेअर नदीत सापडला. २००४ मध्ये तो सिमकोला मिळणाऱ्या पेफरलॉ ओढ्यात दिसला. सरकारने २००५ मध्ये त्या ओढ्याच्या काही किलोमीटर पट्ट्यात रोटेनोन हे मासे मारायचं औषध सोडलं. गोबी तलावात उतरू नये म्हणून त्या पट्ट्यातले इतर मासेही गमवायची तयारी ठेवली. पुढच्याच वर्षी गोबी तलावात सापडला. आता तो तिथला कायमचा रहिवासी आहे.

म्हणून मालकांनी मला पहिल्या दिवशी गल्ला शिकवला नाही, मासा उलटा करायला शिकवला. पकडून आणलेला माल आधी पांढऱ्या ट्रेमध्ये थोडा थोडा ओतायचा. काही वेगळं दिसलं की तळहातावर घेऊन पोटाकडून बघायचं. इतर माशांना पोटाखाली दोन सुटे पर असतात, गोबीचे जुळून एकच झालेले असतात, छोट्या वाटीसारखे. त्याने तो दगडाला चिकटून राहतो. पाठीच्या पहिल्या परावर काळा ठिपका. मला आजवर एकदाच सापडला. माझ्या अंगठ्याला ती वाटी चिकटली तेव्हा अंगावर काटा आला. जिवंत गोबी जवळ ठेवायला बंदी आहे, मालकांनी तो तिथल्या तिथे मारला आणि वहीत नोंद केली.

ही वही म्हणजे या धंद्याचा दुसरा खांब. मालकांकडे मासे धरायचा परवाना आहे, तोही ठरलेल्या हद्दीपुरता. कुठे जाळं लावलं, किती मासे निघाले, याची नोंद ठेवावी लागते. अन्नाच्या कारखान्यात धोका कुठून शिरू शकतो ते आधीच शोधून तिथे चौकी बसवायची जी पद्धत असते, तिचंच प्रशिक्षण यांनाही घ्यावं लागतं.

मालक सत्तरीच्या पुढचे आहेत. नियमांना त्यांचा विरोध नाही, पण ते आले कसे याची जखम आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने एक हुकूम काढला आणि व्हीएचएसला बळी पडणाऱ्या जातींचे जिवंत मासे ऑन्टारियो-क्युबेकमधून आणायला आणि ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांकाठच्या आठ राज्यांबाहेर न्यायला एकदम बंदी घातली. नंतर तो सैल झाला, २०१४ मध्ये मागेही घेतला. पण जिवंत माल कागद सुधारेपर्यंत थांबत नाही, टाकीत मरतो. आणि २०२२ च्या रेषेने त्यांचं दुसरं नुकसान केलं. टोरोंटोहून लांब उत्तरेला जाणारे लोक पूर्वी वाटेत त्यांच्याकडून बादली भरून घ्यायचे. आता विभाग ओलांडणाऱ्याला ते स्वतःच सांगतात, "माझ्याकडून घेऊ नका, तिकडे जाऊन घ्या." आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवताना मी त्यांचा चेहरा बघितलाय. माझं स्पष्ट मत आहे की नियम बरोबर आहेत, पण त्यांची किंमत एकट्या छोट्या दुकानदाराने मोजावी हे बरोबर नाही. तलाव वाचला तर तो सगळ्यांचा वाचतो.

तात्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी पाणवेलीसारखं."

अगदी तसंच. दक्षिण अमेरिकेतलं ते जांभळ्या फुलाचं रोप, जलपर्णी, कोणीतरी शोभेसाठी या देशात आणलं, आणि आज नाशिकपासून खाली गोदेवर त्याचा हिरवा गालिचा पसरलाय. पूर आला की तो सगळा वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतो आणि पाणी गावात शिरतं. २०१६ चा पूर आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. तिथून थोडं खाली गोदा-कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे पाखरं बघायला लोक लांबून येतात, पण वरून पाण्याबरोबर काय वाहत येतंय हे कोण बघतं? परदेशी मांगुर पाळायला आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो. तळ्यातून निसटला की नदीत येतो, आणि नदीत आलेला परत कोण काढणार?

तात्या म्हणाले, त्यांच्या लहानपणी जाळ्यात लागायची तसली बारीक मासळी आता दिसत नाही, निघाली तर बाहेरून आणलेली चिलापीच जास्त. मी विचारलं, कधीपासून? त्यांना वर्ष सांगता येईना. इथे पेफरलॉच्या गोबीचं वर्ष लिहिलेलं आहे. आमच्या नदीतून कोणता मासा कधी गेला, याची वही कोणाकडेच नाही.

मार्चमध्ये चांदोरीला येतेय. तात्यांनी येताना पावती आणायला सांगितली आहे, काठावरच्या मंडळींना दाखवायला. एक बाजूला काढून ठेवली आहे. तीन डझन शायनर, तारीख, परवाना क्रमांक. आणि तात्यांसाठी एक कोरी वही घेतली आहे.