मलपृष्ठावरची सोळा नावं

लंडनमध्ये जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मी सूचीचं काम करते. परवा सकाळी सत्तरीच्या एक बाई कापडी पिशवीतून पातळसं पुस्तक घेऊन आल्या. इंग्लिश चित्रकार रँडॉल्फ कॉल्डेकॉटचं मुलांसाठीचं चित्रपुस्तक, ‘जॉन गिल्पिन’. आत पेन्सिलीने लिहिलेलं : ‘पहिली आवृत्ती, १८७८’. एका विक्रेत्याने त्या जोरावर त्यांच्याकडून चांगले पैसे घेतले होते. आता घराच्या छपरासाठी ते विकायला काढलं होतं.

मुखपृष्ठ पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. प्रकाशक फ्रेडरिक वॉर्न. १८७८च्या नाताळाला हे पुस्तक काढलं होतं राउटलेज या दुसऱ्याच प्रकाशकाने, किंमत एक शिलिंग. वॉर्नकडे ही मालिका नंतर गेली. साल कुठेच छापलेलं नाही. मुलांच्या या पुस्तकांवर ते बहुधा नसायचंच. म्हणून मी नेहमी मलपृष्ठ वाचते. तिथे कॉल्डेकॉटच्या सोळाच्या सोळा पुस्तकांची यादी होती. वर्षाला दोन अशी ती निघत गेली, शेवटची जोडी १८८५ची. मग १८७८च्या पुस्तकावर ही नावं येतील कशी? फेब्रुवारी १८८६मध्ये तर कॉल्डेकॉट फ्लोरिडात वारला, चाळिशीही न गाठता. ही प्रत त्याच्या मागे छापलेली.

मी सगळं सांगितलं. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे खोटं आहे?”

या प्रश्नाने मला फार वाईट वाटलं. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. बेफाम उधळलेला घोडा, त्याच्या मानेला मिठी मारलेला गिल्पिन, पायांखालून जीव घेऊन पळणारे हंस. आताच्या छापील चित्रांत भिंगाखाली दिसते ती ठिपक्यांची जाळी कुठेच नाही. तपकिरी रेघ कोरणीने सोडलेली, आणि फिकट रंग म्हणजे एकमेकींच्या अगदी जवळ कोरलेल्या बारीक रेषा. फ्लीट स्ट्रीटजवळ रॅकेट कोर्टात एडमंड एव्हान्सचा छापखाना होता. चित्राचा फोटो लाकडी ठोकळ्यावर उतरवायचा, रेषा कोरायच्या, ठसा काढून कॉल्डेकॉटकडे रंगवायला पाठवायचा. मग प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा, आणि तोच कागद दर रंगासाठी पुन्हा यंत्राखाली. खर्चाची जोखीम सगळी एव्हान्सची. कॉल्डेकॉटला आधी छदामही नाही. प्रत खपली तर मानधन, नाही खपली तर काही नाही. शिलिंगाच्या पुस्तकासाठी दोघांनी केवढा जीव ओतला होता!

“हंसांचे पाय बघा,” बाई हळूच म्हणाल्या. भिंग त्यांनी खाली ठेवलंच नाही.

पुस्तक त्यांनी परत पिशवीत घातलं. पेन्सिलीची ओळ खोडू का, विचारलं, तर नको म्हणाल्या. मग मी त्या ओळीशेजारी एक चिठ्ठी ठेवून दिली : ‘वॉर्नची आवृत्ती. साल छापलेलं नाही. १८८५नंतरची.’